आबांच्या काडतुसाची पावती

आमच्या तालुक्यात आबांची उंची बंदुकीसकट मोजत. नुसते आबा, म्हणजे माझे वडील, पाच फूट पाच इंच. पण खांद्याला बारा बोअरची दुनळी लटकवून ते बँकेच्या दारात उभे राहिले की सात फुटांखाली कुणी बोलत नसे. त्यांच्यापायी बँकेला दाराची चौकट दोनदा वर सरकवावी लागली, असं मी चौथीत असताना वर्गात सांगितलं होतं. मास्तरांनी मान डोलावली. मास्तरांनी मान डोलावलेली गोष्ट खोटी असू शकत नाही, म्हणून मी ती आजही तशीच सांगतो.

पंधरा वर्षं पलटणीत आणि पुढे बावीस वर्षं त्या बँकेच्या दारात, एवढी आबांची नोकरी. पलटणीतली बंदूक सरकारची होती. बँकेच्या दारातली त्यांची स्वतःची, लायसन त्यांच्या नावावर. सकाळी नऊला ते घरातून निघत आणि भर बाजारातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बंदूक घेऊन चालत जात. लोकांना वाटतं, उघड्यावर बंदूक घेऊन फिरणं म्हणजे केवढा रुबाब. आम्हाला विचारा. तान्हं बाळ काखेत घेऊन फिरणं परवडलं, इतके त्या बंदुकीचे सोपस्कार.

नळीचं तोंड कायम जमिनीकडे. एसटीत बसायचं तर गवसणीत घालून, आणि गर्दीत जीव गुदमरला तरी क्षणभर कुणाच्या हातात धरायला द्यायची नाही. देवळात बंदूक न्यायची नाही आणि बाहेर कुणावर सोपवायचीही नाही, म्हणून आबा बावीस वर्षं देवाला रस्त्यावरूनच हात जोडत आले. वरातीत कुणी म्हणालं, “हवालदार, एक बार होऊन जाऊ द्या,” तर आबा न जेवता घरी परतत. लायसन रक्षणासाठी आहे, वरातीसाठी नाही, हे त्यांचं म्हणणं. घरी आल्यावर काडतुसं देवघराच्या फडताळात आणि बंदूक खाटेखाली. “ह्या दोघांची गाठ फक्त ड्यूटीवर,” असं ते म्हणत. मी खेळताना दोन बोटं रोखून ‘ठो’ केलं तरी आतून आवाज येई, “बोटं खाली.” अख्ख्या आळीत बोटांना लायसन नसलेला मी एकटाच मुलगा होतो.

आणि निवडणूक. ती लागली की तालुक्यातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. बँकेच्या राखणदाराला त्यातून सूट मिळे, पण त्यासाठी बँकेने अर्ज करावा लागे, आणि आमच्या बँकेचा अर्ज नेहमी निकाल लागल्यावर पोचे. मग आबा महिनाभर हातात नुसती काठी घेऊन दारात उभे. जेवण निम्म्यावर येई. घरात कुणाशी बोलत नसत. फक्त रोज अंघोळ झाली की देवघरातली ठाण्याची पावती उघडून वाचत, घडी घालत आणि पुन्हा देवांच्या मागे ठेवत. आई म्हणायची, “माझ्या लग्नाची पत्रिका कधी उघडून वाचली न्हाईत एवढी.”

त्या बंदुकीतून बावीस वर्षांत एकदाच बार निघाला. बाजाराच्या दिवशी दोन बैल झुंजत झुंजत बँकेच्या पायऱ्यांवर चढले, आत बायाबापड्या पेन्शनसाठी बसलेल्या. आबांनी वर हवेत एक बार काढला. बैल पांगले, मॅनेजरही पांगले, आणि बँकेच्या पाटीला एकोणीस भोकं पडली. मी पाचवीत जाईपर्यंत बैल तीन झाले होते आणि दहावीत असताना चार. त्या एका बारापायी आबांनी इतके जबाब लिहून दिले की ठाण्यातला शाईच्या दौतींचा साठा संपला. पण रिकामं काडतूस, लाल नळकांडं आणि पितळेचं बूड, त्यांनी जपून ठेवलं. पुढे डोळे अधू झाले तेव्हा लायसन स्वतःहून परत केलं आणि बंदूक रीतसर हत्यारांच्या दुकानदाराकडे जमा झाली. उरलं ते एवढं काडतूस. दर खंडेनवमीला, जिथे इतर घरांत कोयता, विळा, पान्हे पाटावर मांडतात, तिथे आमच्या पाटावर मधोमध ते काडतूस असे. हळद, कुंकू, झेंडूचं एक फूल.

मी तेव्हा रुवैसला होतो. नव्वदीची शेवटची वर्षं. अबुधाबीच्या पश्चिमेला, समुद्र आणि वाळू यांच्यामध्ये एक रिफायनरी आणि तिच्या कुशीत आमची कॉलनी. मी इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, बायको पुण्याची, मुलगी सहा वर्षांची. मुलीने आजोबा फक्त फोनवर ऐकले होते. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि आबा गावी एकटे हाताने भाकऱ्या थापत होते. ते यायला तयार होईनात. मी इतक्यांदा फोन केला की टेलिफोनच्या तारेला माझा आवाज पाठ झाला असेल. शेवटी म्हणाले, “नवरात्राच्या आत येतो. दोन म्हैने. खंडेनवमी तिकडं करू.”

त्या वाक्यातच सगळं होतं. मला तेव्हा कळलं नाही.

बायकोने आणि मी त्यांना काय आणायचं नाही याची यादी सांगितली. खसखस नाही. खसखशीपायी इथे माणसं आत जातात, हे कॉलनीतल्या प्रत्येक बाईने एकमेकींना घाबरवून सांगितलेलं. पान नाही, तंबाखूची पुडी नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीविना गोळी नाही. मी चार वेळा विचारलं, “आबा, खसखस नाही ना?” चौथ्यांदा ते चिडले. “अरे, खसखस न्हाय, खसखशीचा वास न्हाय. मी काय चोर हाय?” काडतूस आणू नका, हे सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तुम्ही तरी सांगितलं असतं का?

विमान सकाळी दहाला अबुधाबीत उतरणार होतं. मी पहाटेच रुवैसहून निघालो, अडीच तासांचा रस्ता पावणेदोन तासांत कापला. रडारच्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढला असला तर त्यात गाडी नसून नुसती धूळ आली असेल. विमान उतरलं, आबांच्या विमानातले सगळे बाहेर आले, ट्रॉल्या रिकाम्या झाल्या. सगळीकडे लोक पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या धरून उभे असतात. मी मात्र पाहिलं ते उलटंच: आतून गणवेशातला एक माणूस पाटी धरून बाहेर आला आणि पाटीवर माझं नाव होतं.

आतल्या खोलीत एक लांब टेबल होतं. त्यावर आबांची बॅग पालथी केलेली: मेतकूट, लसणाची चटणी, कुरडया, आपट्याची पानं, काळी छत्री (वाळवंटात छत्री लागत नाही हे मी तीनदा सांगितलं होतं) आणि आमचा जुना पितळी तांब्या. तांब्याशेजारी एका निळ्या लुगड्याच्या तुकड्यावर ते काडतूस. त्याच्यावर गेल्या खंडेनवमीचं कुंकू. आबा लोखंडी खुर्चीवर ताठ बसले होते, कोटाची सगळी बटणं लावून. तिकडच्या विमानतळावरच्या तपासणीतून काडतूस कसं निसटलं, हे मी आजतागायत विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

टेबलापलीकडे अधिकारी होता. पन्नाशीचा, पिकलेली आखूड दाढी, अरब. त्याने मला बसायला सांगितलं आणि इंग्रजीत विचारलं, “हे काय आहे?”

मला त्या थंडगार खोलीत इतका घाम फुटला की रुवैसच्या कॉलनीला एक दिवस पाणी पुरलं असतं. डोळ्यांसमोर माझा व्हिसा, माझी नोकरी, मुलीची शाळा एकेक करून विमानात बसत होते. मी इंग्रजीत म्हणालो, “जुनी शोभेची वस्तू आहे, सर. आठवण म्हणून.”

आबांना इंग्रजी येत नाही, पण मुलगा थाप मारतोय हे कुठल्याही भाषेत कळतं. “काय सांगितलंस?”

“शोभेची वस्तू.”

“शोभेची? बारा बोअरचं हाय म्हणून सांग. बार निघालेलं, रिकामं. साहेबांना खरं सांग.” आणि मग स्वतःच अधिकाऱ्याकडे वळून पलटणीतल्या हिंदीत सुरू झाले: “साब, बाईस साल बँक के दरवाजे पे खड़ा रहा. ये एक ही गोली चलाया. बाजार का दिन था. चार बैल अंदर आ गए. एक तो सीधा कैशियर के टेबल पे.” बरीच वर्षं दाबून ठेवलेला तो सबंध बाजार त्यांनी त्या खोलीत भरवला. बाया, पेन्शन, पाटी, एकोणीस भोकं. कॅशियरच्या टेबलावरचा बैल माझ्यासाठीही नवा होता.

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हणालो, “ते म्हणतात, नोकरीत असताना एकदा सुरक्षेसाठी वापरलं होतं.”

त्याने पेन खाली ठेवलं. मग आबांकडे झुकून शुद्ध आखाती हिंदीत म्हणाला, “बाबा, बैल कितना था? तुम्हारा लड़का एक भी बैल नहीं बोला.”

मला टेबलाखाली जावंसं वाटलं. आबा मात्र ताडकन उभे राहिले. समोर गणवेश, प्रश्न हिंदीत आणि थेट. त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चार, साब.” मग घसा खाकरला. “दो थे.”

उभ्या आयुष्यात खरा आकडा मी आबांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“दो भी बहुत है,” अधिकारी म्हणाला. मग चेहरा पुन्हा कागदासारखा कोरा करून त्याने कायदा सांगितला, सावकाश, दोघांना कळेल असा. इथे परवानगीशिवाय हत्याराचा कुठलाही भाग आत येत नाही. भरलेलं, रिकामं, जुनं, नवं, भेद नाही. बाबांच्या मनात वाईट नाही हे त्याला दिसतंय, म्हणून तो गोष्ट पुढे नेत नाही. पण दोनच वाटा आहेत. हे इथे सोडून द्यायचं, ते नष्ट होईल, आणि बाबा मुलाच्या घरी जातील. नाहीतर संध्याकाळच्या विमानाने बाबा आणि वस्तू, दोघं परत.

मी मनात म्हणालो, नष्ट करा, सर. आत्ता करा. मी हातोडा आणून देतो.

आबांनी काडतूस उचललं नाही, त्याला हात लावायचा नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी छत्री उचलली. “किती वाजता हाय विमान?”

“आबा, काय बोलताय?”

“साहेब बरोबर बोलत्यात. कायदा हाय. मी परत जातो.”

“एका रिकाम्या काडतुसासाठी?”

“तुझ्यासाठी रिकामं असंल.”

“अहो, नात वाट बघतेय घरी. तिनं तुम्हाला पाहिलंही नाही अजून.”

हे त्यांना लागलं. खाली बसले, छत्री गुडघ्यांवर. पण ओठ घट्ट. मी त्यांचे ते ओठ ओळखत होतो. निवडणुकीच्या महिन्यात, हातात काठी घेऊन बँकेच्या दारात उभे असताना ते तसेच मिटलेले असत.

तेवढ्यात चहा आला. खोलीत तीन माणसं, एक काडतूस आणि तीन पेले काळा चहा. अधिकाऱ्याने एक घोट घेतला आणि सहज विचारलं, “बाबा, बंदूक कैसे लेके चलते थे?”

आबा उठले. छत्रीचा आकडा उजव्या खांद्यात अडकवला, टोक जमिनीकडे, आणि टेबल ते दार, दार ते टेबल असं सावध पावलांनी चालून दाखवलं. दारातून जाणारे दोन हमाल आपोआप ताठ झाले. कुठेतरी एक विमान उडायचं थांबलं असावं.

“उलटा,” अधिकारी म्हणाला. उठून त्याने छत्री मागितली आणि टोक वर करून खांद्याला लावली. “मेरा बाप ऐसा. नाल ऊपर. तब रोड नहीं था, लाइट नहीं था. रोज ऐसे खजूर को पानी देने जाता था.”

“ऊपर रखेगा तो बारिश का पानी अंदर जाएगा, साब.”

“बारिश?” त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर असं ऊन होतं की काचही घाबरून पांढरी पडलेली. “नीचे रखेगा तो बैठते टाइम नाल रेती में. खलास.”

आबांनी छत्रीचं टोक निरखलं. बंदुकीच्या बाबतीत कुणी त्यांना दुरुस्त केलेलं मी पाहिलं नव्हतं. “फिर मुँह पे कपड़ा बाँधो,” ते म्हणाले.

“बाँधता था. मेरी माँ का पुराना ओढ़नी का टुकड़ा.”

आबांनी टेबलावरच्या निळ्या तुकड्याकडे बोट केलं. बोट खाली झुकवूनच. “ये वही है. इसका माँ का लुगड़ा.”

मी तो तुकडा तेव्हा नीट पाहिला. पावसाळ्यात नळीच्या तोंडाला बांधलेला असे. आईचं लुगडं विरल्यावर तिनेच फाडून दिलेला. मी लहानपणी रोज पाहिलेला, आणि त्या खोलीत अर्धा तास तो माझ्या नाकासमोर असून मी फक्त काडतूस पाहत होतो.

आणि मग मला ठाणं आठवलं.

“सर,” मी म्हणालो, आता हिंदीतच, “नष्ट करू नका. जमा करून घ्या. आमच्याकडे निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा होतं. निकाल लागला की परत मिळतं. आबांनी आयुष्यभर तसं केलंय. फक्त पावती द्या.”

आबांनी मान वर केली. “व्हय. जमा करतो. पावती पायजे.”

“बाबा, इसका पावती नहीं होता. ऐसा फॉर्म ही नहीं है.”

“पावती नहीं तो जमा नहीं,” आबा म्हणाले. अगदी नम्रपणे म्हणाले. असं नम्र बोलणं मी फक्त डोंगराकडून ऐकलं आहे, सरकायचं नाही असं ठरवलं की डोंगर असंच बोलतो.

अधिकाऱ्याने दाढी खाजवली. फोन उचलला, अरबीत बराच वेळ बोलला, बहुतेक वरच्या साहेबाशी, कारण मध्ये दोनदा उभा राहिला. फोनमध्ये त्याने ‘बैल’ हा शब्द एकदा हिंदीतच वापरला आणि पलीकडे कुणीतरी हसलं. मग त्याने एकेक खण उघडून कागद काढायला सुरुवात केली. सामान हरवल्याचा फॉर्म. जिवंत पक्षी आणल्याचा फॉर्म. शेवटी एक जाड, हिरवट पुस्तक. प्रवाशाकडचं सोनंनाणं सरकारी ताब्यात ठेवायचं असेल तर द्यायची पावती.

“ये है. जमा करने का एक ही फॉर्म है. सोने का.”

“चालंल,” आबा म्हणाले.

फॉर्ममध्ये वजनाचा रकाना होता. अधिकाऱ्याने सोनं तोलायचा काटा मागवला आणि माझ्या वडिलांचं काडतूस त्यावर ठेवलं. काटा किती दाखवत होता ते मी सांगणार नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. त्याने लिहिलं, शिक्का मारला, सही केली. आबांनी मराठीत सही केली, पल्लेदार. लुगड्याचा तुकडा मात्र अधिकाऱ्याने घडी घालून आबांच्या हातात दिला. “इसका फॉर्म नहीं लगता.”

रुवैसला पोचेपर्यंत आबा एक हात कोटाच्या आतल्या खिशावर ठेवून बसले होते. वाटेत मी उंट दाखवले, तेलाच्या ज्वाळा दाखवल्या, समुद्र दाखवला. ते “हां हां” म्हणत आणि खिसा चाचपत. घराचं दार उघडलं तर समोर नात, हातात पाण्याची पिचकारी-बंदूक, नेम थेट आजोबांच्या मिशीवर.

“हँड्स अप, आजोबा.”

“नळी खाली,” आबा म्हणाले. “लायसन दाखव.”

“आय डोंट हॅव एनी.”

मी ‘आता पोरगी रडणार’ म्हणून पुढे झालो, तर त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आबांनी तिला लायसन लिहून दिलं. वहीचं पान, खाली बांगडीभोवती पेन्सिल फिरवून काढलेला शिक्का. अटी: भरलेली पिचकारी घरात आणायची नाही. तोंडावर नेम धरायचा नाही. झोपताना आजोबांकडे जमा. ती रोज रात्री जमा करी आणि हात पुढे करून म्हणे, “रिसीट, प्लीज.” आबा रोज पावती लिहीत. माझ्या बायकोने घरच्या विळीसाठी लायसन मागितलं तेव्हा मात्र म्हणाले, “सूनबाई, ते ज्याला तुमच्यासमोर उभं ऱ्हायचंय त्यानं काढावं,” आणि माझ्याकडे पाहिलं.

खंडेनवमी आली. पाटावर मी माझा मल्टिमीटर ठेवला, पान्हे, गाडीची किल्ली. बायकोने सुरी आणि विळी. मुलीने कंपासपेटी आणि रिकामी पिचकारी. झेंडू मिळाला नाही, म्हणून बायकोने नारिंगी क्रेप कागदाची फुलं केली. मधोमध जागा मोकळी होती. आबांनी कोटातून हिरवी पावती काढली, लुगड्याचा तुकडा पसरला, त्यावर पावती ठेवली आणि अंगठ्याने तिला हळदकुंकू लावलं. अरबी अक्षरांच्या नेमकं मधोमध. मी म्हणणार होतो की सरकारी कागद आहे, डाग पडेल. नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातला अरबी टायपिस्ट घरी सोनं घ्यायला, म्हणजे आपट्याचं पान घ्यायला आला. आबांनी त्याच्याकडून पावती वाचून घेतली. तो अरबी वाचून इंग्रजीत सांगत गेला आणि मी मराठी करत गेलो, या वेळी एकही शब्द न गाळता: “वस्तू, मौल्यवान, एक. रिकामी. मालकाला स्वतःच्या हाताने परत करावी.”

“मौल्यवान लिवलंय?” आबांनी विचारलं.

“छापलेलंच आहे, आबा. सोन्याचा फॉर्म आहे.”

“छापलेलं असू दे. खोडलं तर न्हाय ना?”

दोन महिने संपले. जायच्या दिवशी मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त भीती होती. अधिकाऱ्याची बदली झाली असेल तर? कुणी साफसफाईत फेकून दिलं असेल तर? पावती घेऊन मी कुणाला समजावणार, की हिच्यावर लिहिलेलं सोनं म्हणजे दोन बैलांना घाबरवणारं नळकांडं आहे? आबा मात्र निवांत. “पावती हाय,” ते म्हणाले. जगात ज्याच्याकडे पावती आहे त्याला भ्यायचं कारण नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं.

तो होता. तीच खोली, तेच टेबल. त्याने लोखंडी कपाटातून एक पाकीट काढलं आणि टेबलावर काडतूस ठेवलं. पितळी बुडात मधोमध, आरपार, एक भोक.

“साहब से लिखवाके लिया,” तो म्हणाला. “अब इससे कुछ नहीं हो सकता. अब ये काडतूस नहीं है. चिट्ठी भी साथ में है, बैग में जाएगा, कोई नहीं रोकेगा.”

आबांनी ते उजेडाकडे धरलं आणि भोकातून बघितलं. बराच वेळ. “भोक कुणी पाडलं?”

मी हिंदीत विचारलं. अधिकारी म्हणाला, “मैंने. घर पे.”

“सीधा पड़ा है,” आबा म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी बँकेच्या कुठल्याही मॅनेजरची एवढी तारीफ केली नव्हती.

मग त्यांनी पावती काढली. परत द्यायची असते हे त्यांना सांगावं लागलं नाही. पण हात जरा थांबला. अधिकाऱ्याने पावती घेतली, उलगडली आणि लाल-पिवळा अंगठा पाहिला. “बाबा, ये क्या?”

“वो आपके पास था,” आबा म्हणाले, “तो पूजा इसका किया.”

तो पावतीकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता रागावतो. सरकारी कागद, परका देव, सगळंच. त्याने पुस्तक उघडलं, मूळ पानाची नक्कल तिथे शाबूत होती, तिच्यावर ‘परत केले’ असं लिहून आबांची सही घेतली. हिरव्या पावतीची घडी घातली आणि फाइलमध्ये न लावता स्वतःच्या खिशात ठेवली, ज्या खिशाला बटण होतं त्या. आबांनी कडक सलाम ठोकला. त्यानेही. मी मध्ये उभा होतो आणि माझ्या हातात छत्री होती, म्हणून मला दोन्हीकडून काहीच करता आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेलो. संध्याकाळची वेळ, पारावर पंधरावीस माणसं, मध्ये आबा. गळ्यात काळा गोफ, त्या भोकातून ओवलेला, आणि छातीवर काडतूस. ते सांगत होते, की परदेशच्या सरकारनं आपलं हत्यार सोन्यात जमा केलं, सोन्याच्या काट्यावर तोललं आणि मोठ्या साहेबानं स्वतःच्या हातानं परत दिलं, ओरखडासुद्धा न पाडता. आमच्या ठाण्यानं कधी असं केलं काय? लोक माना डोलावत होते.

मी मागे उभा राहून ऐकत होतो. बैल पुन्हा चार झाले होते, आणि त्यातला एक, शपथेवर सांगतो, आता उंट होता.